डाउनलोड केलेलं गाणं नक्की कोणाचं?

कानात हेडफोन असतील तर ऐका, ऑफिसात किंवा लोकलच्या गर्दीत असाल तर वाचा. हा या भागाचा लेखी अवतार आहे. बोलतानाचे "अं... म्हणजे..." आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी जवळपास जसंच्या तसं ठेवलंय.

आजचा विषय माझ्या आईने दिला. गेल्या मे महिन्यात ती गावी गेली होती. आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कडेला. घरात रेंज येत नाही, फोन लावायचा तर एसटीच्या थांब्यापर्यंत चालत यावं लागतं. म्हणून ती निघायच्या आधी मी तिच्या फोनवर एका ॲपमध्ये दीडेकशे गाणी डाउनलोड करून दिली. अभंग, भावगीतं, थोडी जुनी सिनेमाची गाणी. तीन आठवडे सगळं छान चाललं. मग एका संध्याकाळी थांब्यावरून तिचा फोन आला.

"अरे, गाणी वाजत नाहीयेत."

"नेट नसेल गं."

"नेट लागणार नाही म्हणालास ना? तूच डाउनलोड करून दिलीस."

"हो, पण सबस्क्रिप्शन संपलं असेल. रिन्यू करायचं राहिलं माझ्याकडून."

"पण डाउनलोड केल्यावर ती माझी झाली ना? मग गेली कुठे?"

मी बीटेक केलंय, सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. गाणी का वाजत नाहीत ते मला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण "माझी झाली ना?" याचं उत्तर मला येत नव्हतं. मग काही दिवस मी कायदा वाचला, जुन्या केसेस वाचल्या. त्यातून जे कळलं ते आज सांगतो. मी वकील नाही, त्यामुळे कोर्टात जायची वेळ आली तर हा भाग वाजवून दाखवू नका.

गाणी गेली नव्हती, किल्ली गेली होती

आधी तांत्रिक भाग उरकू. आईच्या फोनमधली गाणी कुठेही गेली नव्हती. स्टोरेज उघडून पाहिलं असतं तर ॲपने व्यापलेली जागा तेवढीच दिसली असती. पण म्युझिक ॲप गाणं डाउनलोड करतं ते साधी फाइल म्हणून नाही. ते गाणं कूटबद्ध करून, म्हणजे कुलूप लावून ठेवलेलं असतं. कुलपाची किल्ली वेगळी येते आणि त्या किल्लीला मुदत असते. प्ले दाबलं की ॲप आधी बघतं की खातं चालू आहे का, किल्लीची तारीख उलटली का. बरीच ॲप्स म्हणूनच सांगतात की महिन्यातून एकदा तरी फोन नेटला जोडा. तेव्हा ॲप सर्व्हरला विचारतं, "हा माणूस अजून पैसे भरतोय ना?" उत्तर "हो" आलं तर किल्लीची मुदत वाढते. "नाही" आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर फाइल तुमच्या फोनमध्ये नुसती पडून राहते. उघडून वाचली तरी त्यात अर्थहीन आकडे.

या कुलूपकिल्लीच्या पद्धतीला डीआरएम म्हणतात.

पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्यांना ही भानगड लगेच कळेल. आपण घर घेतो तेव्हा काय करतो? अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स. घरात आपला पलंग असतो, आपला फ्रिज असतो, दारावर आपण लावलेलं तोरण असतं. शेजारचे "तुमचं घर" म्हणतात. पण अकरा महिने संपले आणि मालकाने नाही म्हटलं, की निघा. ॲपमधलं डाउनलोड हे तसंच लायसन्स आहे. फरक एवढाच की घराचा करार आपण निदान एकदा वाचतो, ॲपचा करार अंगठ्याने वर सरकवून "मान्य आहे" म्हणतो.

मुंबई उच्च न्यायालयाने यालाच भाडं म्हटलं

ही भाड्याची उपमा मला वाटलं माझी आहे. मग एक निकाल वाचला आणि कळलं की आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच हे सांगून ठेवलंय.

केस होती टिप्स आणि विंक यांची. टिप्स ही गाण्यांची कंपनी, विंक हे एअरटेलचं तेव्हाचं म्युझिक ॲप. दोघांचा करार संपला, नव्या पैशांवर एकमत होईना. विंकचं म्हणणं असं की इंटरनेटवरून गाणी पोचवणारे आम्ही प्रक्षेपकच आहोत, त्यामुळे रेडिओवाल्यांप्रमाणे कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डीखाली आम्हाला ठरलेल्या दराने परवाना मिळायला हवा. २३ एप्रिल २०१९ रोजी न्यायमूर्ती एस. जे. काथावाला यांनी ते अमान्य केलं. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तो निर्णय कायम ठेवला.

ही झाली कंपन्यांची भांडणं. आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. विंकवर गाणं मिळवायचे तीन मार्ग होते. नुसतं ऐकायचं, म्हणजे स्ट्रीमिंग. सबस्क्रिप्शन चालू असेपर्यंत ऑफलाइन साठवायचं. आणि पैसे देऊन कायमचं डाउनलोड करायचं. कोर्टाने या तिन्ही गोष्टी वेगळ्या धरल्या. कायमचं डाउनलोड म्हणजे विक्री. सबस्क्रिप्शनपुरतं डाउनलोड म्हणजे व्यावसायिक भाडं. फोनमध्ये दोन्हींना खाली जाणाऱ्या बाणाचं एकच चिन्ह असू शकतं, पण कायद्याच्या नजरेत एक दुकान आहे आणि दुसरा भाडेकरार.

तेव्हा आईच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं. नाही आई, ती तुझी झाली नव्हती. आपण ती भाड्याने आणली होती, आणि भाडं भरायला मी विसरलो.

मग विकत घेतलेलं तरी आपलं असतं का?

इथे इतिहास जरा मजेशीर आहे. ॲपलने २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्सचं दुकान उघडलं. सुमारे दोन लाख गाणी, एकेक ९९ सेंटला. लोक म्हणाले, चला, आता गाणं विकत घेता येतं. पण ते गाणंही कुलूपबंद होतं. सुरुवातीला तीन आणि पुढे पाच कॉम्प्युटरवर वाजायचं, सहाव्यावर नाही. दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर तर नाहीच. म्हणजे पैसे खरेदीचे, नियम भाड्याचे.

२००७ मध्ये ईएमआय कंपनीची गाणी बिनकुलपाची मिळू लागली आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलने जाहीर केलं की आता सगळ्याच गाण्यांचं कुलूप काढतोय. मग आधी घेतलेल्या गाण्यांचं काय? ती नव्या रूपात हवी असतील तर गाण्यामागे ३० सेंट भरा. स्वतः विकत घेतलेल्या वस्तूचं कुलूप काढून घ्यायला वेगळे पैसे!

तरी त्या लोकांचं दुकान चालू तरी होतं. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिकच्या ग्राहकांना एप्रिल २००८ मध्ये निरोप आला की ३१ ऑगस्टनंतर आम्ही नव्या कॉम्प्युटरसाठी किल्ल्या देणार नाही. म्हणजे आहे त्या मशीनवर गाणी वाजतील, पण मशीन बदललं की संपलं. लोक खवळले, तेव्हा कंपनीने ही मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढवली. पण मुदत वाढवावी लागली यातच सगळं आलं. विकत घेतलेल्या साडीला कोणी मुदत देत नाही.

आता याच्या शेजारी आपल्याकडचं उदाहरण ठेवा. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान काढलं. तिथे बिनकुलपाच्या एमपीथ्री फाइल मिळायच्या. दुकान चाललं नाही. जून २०१३ मध्ये बंद झालं आणि ग्राहकांना सांगितलं गेलं की ऑगस्टपर्यंत तुमची गाणी उतरवून घ्या. ज्यांनी उतरवून घेतली, त्यांच्याकडे ती आजही वाजत असतील. दुकान गेलं, माल राहिला. एमएसएनच्या ग्राहकांचं नेमकं उलटं झालं असतं. माल हातात, पण दुकानाशिवाय निकामी.

मला वाटतं मालकीची साधी कसोटी हीच आहे. "उद्या दुकान बंद पडलं तर माझ्याकडे काय उरेल?" असं विचारायचं. पैसे किती दिले, बटणावर काय लिहिलं होतं, याने फारसा फरक पडत नाही.

बटणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये एक कायदा झाला, १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. ऑनलाइन दुकानदार जर फक्त परवाना देत असेल, तर त्याला "खरेदी करा" असं नुसतं लिहिता येत नाही. हा परवाना आहे, हे ग्राहकाला ठळकपणे सांगावं लागतं. आणि सूट कोणाला? जी वस्तू कायमची उतरवून नेटशिवाय वापरता येते, तिला. म्हणजे तिथल्या कायद्यानेही जवळजवळ आपलीच कसोटी लावली.

स्वतःसाठी कॉपी काढली तर?

समजा फाइल खरोखर तुमच्याकडे आहे. रीतसर पैसे देऊन घेतलेली, बिनकुलपाची. लॅपटॉपवरून फोनवर घातली, फोनवरून गाडीच्या पेनड्राइव्हवर. गुन्हा आहे का?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात खाजगी वापरासाठी सूट आहे, कलम ५२ मध्ये. पण २०१२ पर्यंत ती सूट साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींना होती. ध्वनिमुद्रणाचं, म्हणजे आपण ज्याला बोलताना "गाणं" म्हणतो त्या रेकॉर्डिंगचं, त्यात नावच नव्हतं. म्हणजे शाळेत असताना मी दादाची सीडी कॉम्प्युटरवर चढवायचो, तेव्हा सुटीच्या यादीत ते कुठे बसत नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीने तिथे "कोणतीही कृती" असे शब्द आले, फक्त कॉम्प्युटर प्रोग्रॅम वगळून. शिवाय स्पष्टीकरण जोडलं गेलं की अशा वापरासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं म्हणजे कॉपीराइटचा भंग नव्हे.

मूळ शब्द "रास्त वापर" या अर्थाचे आहेत, त्यामुळे कशालाही चालेल असं नाही. पण विकत घेतलेलं गाणं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या बॅकअपवर ठेवणं हे या सुटीत बसतं असं मानायला चांगली जागा आहे.

हे आपल्याला अगदी साहजिक वाटतं. पण इंग्लंडची गंमत बघा. तिथे स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी कॉपी काढायला कायदेशीर परवानगी ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळाली. संगीतक्षेत्रातल्या संघटना कोर्टात गेल्या आणि जुलै २०१५ मध्ये हायकोर्टाने ती तरतूद रद्द केली. एक वर्षही टिकली नाही.

आता कुलपाबद्दल. आपल्या कायद्यात २०१२ मध्येच कलम ६५-ए आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. "हेतूने" हा शब्द महत्त्वाचा आहे. तरीही सबस्क्रिप्शनच्या गाण्याचं कुलूप फोडून ते कायमचं ठेवून घ्यायचं, हे मी कोणाला सुचवणार नाही. भाडं थकवून कुलूप बदलण्यासारखं आहे ते.

आणि दुसऱ्याला द्यायचं असेल?

इथे फाइल आणि कॅसेट यांची फारकत होते.

आईकडे कॅसेट होत्या तेव्हा शेजारच्या काकू एखादी न्यायच्या, चार दिवसांनी आणून द्यायच्या. कधी द्यायच्या नाहीत, मग आई टोमणे मारायची. कॅसेट काकूंकडे असताना आमच्याकडे नसायची. वस्तू एकच. विकायचीसुद्धा मोकळीक होती का? २०१२ पर्यंत आपल्या कायद्यातला शब्दप्रयोग असा होता की ध्वनिमुद्रणाची प्रत विकण्याचा हक्क कॉपीराइटधारकाचा, मग ती प्रत आधी विकली गेलेली असो वा नसो. २०१२ मध्ये ते शेवटचे शब्द गेले. म्हणजे जुन्या बाजारात कॅसेट आणि सीडी विकणाऱ्यांना आता बराच मोकळा श्वास आहे.

फाइलचं काय? हे अमेरिकेतल्या रीडिजी या कंपनीने आजमावून पाहिलं. २०११ मध्ये त्यांनी वापरलेल्या गाण्यांचा बाजार उघडला. आयट्यून्सवर विकत घेतलेलं गाणं तिथे दुसऱ्याला विकायचं. प्रामाणिकपणा राहावा म्हणून त्यांचं सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायचं आणि विकलेल्या गाण्याची दुसरी प्रत सापडली तर ती काढून टाकायला सांगायचं.

त्यांची तांत्रिक युक्ती एक इंजिनिअर म्हणून मला फार आवडली. आपण एकाच डिस्कवर फाइल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये हलवतो, तेव्हा खरं तर काही हलत नाही, फक्त नोंद बदलते. पण एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फाइल "पाठवणं" असं काही नसतंच. तिकडे नवी प्रत तयार होते आणि मग इकडची पुसतात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी तुमच्याकडचा राहतोच ना. रीडिजीने काय केलं? गाण्याचे सुमारे चार हजार बाइटचे तुकडे केले. एक तुकडा सर्व्हरवर गेला की इकडचा तो तुकडा पुसायचा, मग पुढचा. म्हणजे पूर्ण गाणं एका क्षणी दोन ठिकाणी कधीच नसेल. विटा एकेक करून हलवत अख्खं घर शेजारच्या प्लॉटवर न्यावं तसं.

कॅपिटल रेकॉर्ड्सने दावा ठोकला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात रीडिजी हरली, अपिलात डिसेंबर २०१८ मध्ये पुन्हा हरली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: तुकडे करा नाहीतर काहीही करा, शेवटी नव्या सर्व्हरवर गाण्याची नवी प्रत तयार झालीच. विकायचा हक्क तुमच्या हातातल्या त्या विशिष्ट वस्तूचा आहे, नवी प्रत काढायचा नाही. तेव्हा गाणं ज्या उपकरणात आहे ते उपकरणच विकलंत तर गोष्ट वेगळी. म्हणजे दहा रुपयांचं गाणं द्यायला हजाराचा फोन द्या!

ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण यामागे खरी अडचण आहे. जुनी कॅसेट घासली जाते, आवाज जड होतो, टेप अडकते. वापरलेली फाइल मात्र नव्या फाइलइतकीच नवी असते. मग नवी कोण घेईल? आणि ज्याने गाणं लिहिलं, चाल लावली, गायलं, त्याला काय मिळेल? दोन्ही बाजूंना काहीतरी म्हणणं आहे. पण परिणाम असा झाला की कॅसेटसोबत मिळणारा एक साधा हक्क, वापरून झालं की दुसऱ्याला देण्याचा, फाइलच्या जमान्यात गळून पडला. याची किंमत काही कमी झाली नाही, फक्त कोणी आपल्याला सांगितलं नाही.

आपल्याकडे मित्राला गाणं पाठवण्याबद्दल कायदा काय म्हणतो? सूट खाजगी किंवा वैयक्तिक वापराला आहे. त्यात "मित्र" हा शब्द नाही, "कुटुंब" हाही नाही. घरातल्या घरात बायकोच्या फोनवर गाणं घातलं तर कोणी दारात येणार नाही, पण हक्क म्हणून ते स्पष्ट लिहिलेलं नाही. टेलिग्रामच्या चॅनलवर अख्खा अल्बम टाकला तर मात्र काही धूसर राहत नाही. ते लोकांपर्यंत पोचवणं झालं आणि तो हक्क कॉपीराइटधारकाचा आहे. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलेला आहे. पैसे कमावण्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण भंग तो भंगच.

आणि हो, विकत घेतलेल्या फाइलमध्ये कधीकधी तुमचं नावही असतं. आयट्यून्सच्या बिनकुलपाच्या फाइलमध्ये खरेदीदाराचं नाव आणि खात्याचा ईमेल लिहिलेला असायचा, हे २००७ मध्येच लोकांच्या लक्षात आलं होतं.

इथे मला हटकून आठवतो तो एसटी स्टँडसमोरचा मोबाइलवाला. मेमरी कार्ड द्यायचं, वीस-तीस रुपये द्यायचे, आणि चहा पिऊन येईपर्यंत कार्ड गाण्यांनी भरलेलं. आपल्यापैकी कित्येकांचं गाण्यांचं शिक्षण तिथेच झालं. कायद्याने ते धडधडीत चूक होतं. विंकनेही कोर्टात एक बचाव केला होता की आमचे ग्राहक खाजगी वापरासाठीच तर डाउनलोड करतात. कोर्टाने सांगितलं, ती सूट ग्राहकाची असेल, धंदा करणाऱ्याला तिच्यामागे लपता येणार नाही. मोबाइलवाल्यालाही तेच लागू. पण एक गोष्ट कबूल करावी लागेल. त्याने भरून दिलेलं कार्ड डोंगरात, रेंजशिवाय, तीन आठवड्यांनंतरही वाजायचं. पैसे भरून, सगळं नियमाने करून माझ्या आईला जे मिळालं नाही, ते त्या बेकायदा कार्डात मिळत होतं. प्रामाणिक गिऱ्हाइकाला चोरीच्या मालापेक्षा कमी मिळत असेल, तर दोष सगळा गिऱ्हाइकाचा नाही.

मग मी काय केलं

आई परत आल्यावर आम्ही माळ्यावरून कॅसेटचा खोका काढला. तीसेक कॅसेट, बहुतेक तिने लग्नाआधी आणि नंतर घेतलेल्या. टेपरेकॉर्डर चालू होईना. आतला रबरी बेल्ट सैल होऊन चिकट झाला होता. तापकीर गल्लीत दोन-तीन दुकानं फिरल्यावर बेल्ट मिळाला. मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला केबल, लॅपटॉपवर ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर, आणि रेकॉर्ड. यात शॉर्टकट नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. तीन रविवार गेले. आई शेजारी बसून प्रत्येक गाण्याला काहीतरी सांगत होती, तेही थोडं रेकॉर्ड झालंय असं नाही, कारण केबलमधून खोलीतला आवाज येत नाही. ते मला नंतर लक्षात आलं आणि वाईट वाटलं.

एका कॅसेटवर लेबल नव्हतं. लावली तर गावच्या भजनी मंडळाची काकड आरती. मामाने कधीतरी देवळात टेप ठेवून केलेलं रेकॉर्डिंग. टाळांचा आवाज जास्त, शब्द कमी, मध्ये कोणीतरी खोकतंय. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या सगळ्या खोक्यात पूर्णपणे आपल्या माणसांचं असं हे एवढंच आहे. संतांचे अभंग कोणाच्या मालकीचे नाहीत, पण एखाद्या कंपनीने काढलेलं त्याच अभंगाचं रेकॉर्डिंग प्रकाशनानंतर साठ वर्षं त्या कंपनीचं असतं. आणि देवळातल्या या रेकॉर्डिंगचा हक्क, ते करण्यात ज्याने पुढाकार घेतला त्याचा, म्हणजे मामाचा. गाणाऱ्यांचेही कलाकार म्हणून हक्क असतात. मी मामाला फोन करून रीतसर परवानगी मागितली. तो म्हणाला, "अरे, शहाण्या, तुला कुणी अडवलंय? मंडळातल्या सगळ्यांना पाठव." फाइल बिनधास्त पाठवायची मुभा मला या एका रेकॉर्डिंगपुरती मिळाली.

आता तुमच्यासाठी थोडक्यात:

१. सबस्क्रिप्शनवरचं डाउनलोड भाड्याचं आहे हे धरून चाला. भाडं वाईट नसतं. महिन्याच्या थोड्या पैशात लाखो गाणी मिळतात, मीही भरतो. फक्त त्याला आपला संग्रह म्हणू नका.

२. जी गाणी आयुष्यभर लागणार आहेत, ती पन्नास असोत की शंभर, विकत घ्या. घेताना एकच बघा: हातात फाइल मिळते का, आणि ती कोणत्याही प्लेअरवर वाजते का. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी बिनकुलपाची एमपीथ्री किंवा फ्लॅक फाइल मिळते, आयट्यून्सवरची विकतची गाणीही आता बिनकुलपाची असतात. नवे स्वतंत्र कलाकार स्वतःच फाइल विकत असतील तर सगळ्यात उत्तम.

३. घेतल्या दिवशीच उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. "क्लाउडवर आहे" म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आहे. खरेदीची पावती असलेला ईमेलही जपा.

४. मित्राला फाइल पाठवण्याऐवजी लिंक पाठवा, किंवा वाढदिवसाला गाणं विकत घेऊन द्या. कलाकारालाही दोन पैसे मिळतील.

५. घरात कॅसेट असतील तर या वर्षीच डिजिटल करून घ्या. टेप दरवर्षी थोडी थोडी मरते.

आई दिवाळीला पुन्हा गावी गेली, तेव्हा तिच्या फोनमध्ये एक छोटं मेमरी कार्ड होतं. तिच्याच कॅसेट, मी विकत घेतलेली चाळीसेक गाणी, आणि मामाची काकड आरती. थांब्यावरून फोन आला तेव्हा गाण्यांचा विषयच निघाला नाही. शेवटी मीच विचारलं, "गाणी वाजतायत ना?"

"वाजतायत की. आता ती माझी आहेत ना?"

"बरीचशी," मी म्हणालो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुठल्या कॅसेट पडून आहेत ते मला नक्की कळवा, पण फाइल पाठवू नका. भेटू पुढच्या भागात.